त्या रात्री जागं कोण होतं

पहिल्यांदा हे पुस्तक वाचलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि हातात पेन्सिल असल्याशिवाय मला वाचताच यायचं नाही. परवा तीच प्रत कपाटाच्या मागच्या रांगेतून ओढून काढली. कडा पिवळ्या पडल्यात, पाठीचा डिंक सुटलाय, मधली आठ-दहा पानं नुसतीच आत सरकवून ठेवल्यासारखी. पेन्सिलीच्या रेघा मात्र अजून ठळक आहेत. सुरुवातीची पानं तर मी अक्षरशः नांगरून काढली आहेत. समासात 'हेच!', 'अगदी', दोन-दोन उद्गारचिन्हं, एका ठिकाणी तर काही न सुचून नुसतं माझंच नाव. निम्म्याच्या पुढे रेघा विरळ होत जातात आणि शेवटच्या चार प्रकरणांत एकही नाही. वाचली असणार ती पानं, पण पेन्सिल उचलावी असं काही त्या मुलीला तिथे दिसलं नाही.

पुस्तक बाहेर काढायचं कारण सांगते. गेल्या महिन्यात एका रात्री जेवणं झाल्यावर मुलगा म्हणाला, "मी पदवी पुरी करत नाहीये. लाकूडकाम शिकायला जातोय. दोन वर्षं." कुठे, कोणाकडे, कधी निघायचं, सगळं त्याचं ठरलेलं होतं. मी म्हटलं, "हा विषय पुन्हा काढू नकोस." आता तो वाद घालेल, आवाज चढवेल, दार आपटेल, अशा तयारीत मी होते. त्यानं यातलं काही केलं नाही. ताटं उचलली, ओटा पुसला आणि खोलीत गेला.

त्याच्या दाराखालच्या फटीतून उजेड येत राहिला. मी पाणी प्यायला म्हणून उठले. उजेड होता. परत येऊन आडवी झाले. शेजारी यांचं घोरणं एका लयीत चालू होतं. तासाभरानं गॅस बंद आहे ना, म्हणून उठले. उजेड होताच. तिसऱ्यांदा उठले तेव्हा निमित्त शोधायचाही कंटाळा आला होता. नुसतीच दाराबाहेर उभी राहिले, अनवाणी, अंधारात. आतून काही आवाज नव्हता. आणि तिथे उभ्या उभ्या एकदम वाटलं, हे मी कुठेतरी वाचलंय.

हर्मन हेसेची 'सिद्धार्थ'. १९२२ साली बर्लिनमध्ये छापलेली, जेमतेम दीडशे पानांची, बारा प्रकरणांची जर्मन कादंबरी. माझ्याकडची प्रत हिल्डा रॉसनर यांच्या १९५१च्या इंग्रजी अनुवादाची. साठच्या दशकात अमेरिकेतली पोरं हे पुस्तक पाठीवरच्या पिशवीत घालून घर सोडून निघायची. १९७२ मध्ये त्यावर चित्रपटही आला. शशी कपूर सिद्धार्थ आणि सिमी गरेवाल कमला. जगण्याचा अर्थ शोधणाऱ्या माणसाची गोष्ट म्हटलं की जगभर पहिल्या पाच-दहांत हिचं नाव येतं. मला मात्र त्या रात्री अर्थबिर्थ काही आठवला नाही. आठवली ती एक खिडकी.

पहिल्याच प्रकरणात आहे ती. सिद्धार्थ हा ब्राह्मणाचा मुलगा. देखणा, हुशार, सगळ्यांचा लाडका. वेद मुखोद्गत, वादात हार जाणार नाही. आईबापांच्या नजरेत कौतुक मावत नाही आणि याच्या आत मात्र काहीतरी रितं आहे ते भरत नाही. एक दिवस गावावरून तीन श्रमण, म्हणजे घरदार सोडलेले तपस्वी, जातात, धुळीनं माखलेले, हाडांची काडं झालेले. संध्याकाळी हा मित्राला, गोविंदाला, सांगून मोकळा होतो की उद्या मी त्यांच्याबरोबर जाणार. मग वडिलांच्या खोलीत जातो आणि चटईवर बसलेल्या वडिलांच्या पाठीमागे उभा राहतो, त्यांना चाहूल लागेपर्यंत. मागणी ऐकून बाप गप्प बसतो, इतका वेळ की छोट्या खिडकीतल्या चांदण्या सरकून जागा बदलतात. मग तो म्हणतो की ब्राह्मणाला रागाचे शब्द शोभत नाहीत, पण ही मागणी तुझ्या तोंडून मला दुसऱ्यांदा ऐकायची नाही.

(माझं वाक्य आणि त्याचं वाक्य शेजारी ठेवून पाहिलं आणि मला घाम फुटला. माझ्यात ब्राह्मणाचा संयमही नव्हता.)

मुलगा हाताची घडी घालून तिथेच उभा राहतो. बाप झोपायला जातो. तासाभरानं झोप येत नाही म्हणून उठतो, येरझारा घालतो, बाहेर येऊन त्या छोट्या खिडकीतून आत बघतो. पोरगा उभाच आहे, अंगावरचं फिकट वस्त्र तेवढं अंधारात चमकतंय. बाप परत जातो. आणखी तासाभरानं येतो. आता चंद्र वर आलाय. परत जातो. पुन्हा येतो. हेसे घाई करत नाही. बापाची प्रत्येक फेरी तो मोजून लिहितो आणि प्रत्येक फेरीला बापाच्या मनात काय भरलं तेही सांगतो. आधी राग, मग अस्वस्थता, मग भीती, मग दुःख. पहाटेच्या आधी तो आत येतो आणि त्याला तो मुलगा उंच आणि अनोळखी वाटतो. दोघांत दोन-दोन शब्दांचं बोलणं होतं. किती वेळ उभा राहणार? दिवस उजाडेपर्यंत, दुपार होईपर्यंत, संध्याकाळ होईपर्यंत? झोप लागेल तुला. मरशील. मुलाची उत्तरं सरळ आणि शांत. उद्धटपणाचा लवलेश नाही, आणि म्हणूनच त्या उत्तरांपुढे इलाज नाही. तुम्ही सांगाल ते मी करीन, असंच तो म्हणतो. मग खोलीत पहिला उजेड येतो आणि बापाला दिसतं की मुलाचे गुडघे थरथरताहेत. चेहरा मात्र थरथरत नाही, डोळे कुठेतरी लांब लागलेत. तेव्हा त्याला कळतं की हा इथे नाहीच. हा कधीच गेला.

बावीसच्या वयात मी या सगळ्या पानभर रेघा मारल्या आहेत, पण फक्त मुलाच्या वाक्यांखाली. बापाच्या फेऱ्यांखाली एकही नाही. त्या ओळी माझ्या दृष्टीनं रात्र किती लांब होती ते सांगण्यापुरत्या होत्या, भिंतीवरच्या घड्याळासारख्या.

आणि परवानगी देताना बाप जे म्हणतो, तेही कोरंच. तो म्हणतो, जा, श्रमण हो. अरण्यात आनंद सापडला तर परत ये आणि मलाही शिकव. निराशा पदरी पडली तर परत ये, आपण पुन्हा मिळून देवांची पूजा करू. आता जाऊन आईचा निरोप घे, मला नदीवर स्नानाला जायची वेळ झाली.

मिळालं तरी ये, नाही मिळालं तरी ये. कुठल्याही बापानं याहून सोपी अट घातली नसेल. आणि सिद्धार्थ परत जात नाही. पुढच्या अकरा प्रकरणांत एकदाही नाही.

बावीसचं हे लांबण लावतेय, कारण माझंही तेव्हा असंच चाललं होतं. मला शिकायला दूर जायचं होतं, घरातून कोणी कधी गेलं नव्हतं इतकं दूर, आणि घरच्यांच्या मते ज्याचा काही उपयोग नाही असा विषय शिकायला. बाबा नाही म्हणाले. बाबांचं नाही म्हणजे एकच शब्द असायचा, त्यावर अपील नसे. चार दिवस अबोला. मी रात्रभर दिवा लावून हेच पुस्तक वाचत बसायचे आणि स्वतःला सिद्धार्थ समजायचे. उभं राहायची मात्र तयारी नव्हती, उशीला टेकून. पाचव्या दिवशी सकाळी बाहेर आले तर माळ्यावरची जुनी पत्र्याची सूटकेस हॉलच्या मधोमध उभी. पुसलेली. तिची दोन्ही कुलपं गंजून कित्येक वर्षं अडकली होती, ती बोट लावताच टक्‌कन उघडली. तेलाचा वास येत होता. बाबा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. वर न बघता म्हणाले, "पोचलीस की पत्र टाक." बस. त्यावर आम्ही दोघं पुढं कधीच बोललो नाही. बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्या रात्री ते किती वेळा उठले असतील, हा प्रश्न मला मुलाच्या दाराबाहेर उभं राहीपर्यंत पडला नव्हता.

तर पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी पेन्सिलीशिवाय.

गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून भराभर. श्रमणांबरोबर राहून सिद्धार्थ उपास करायला शिकतो, श्वास रोखायला शिकतो, आणि शेवटी म्हणतो की हा तर दारुड्याच्या विसरण्यासारखाच थोड्या वेळाचा विसर. मग जेतवनात प्रत्यक्ष गौतम बुद्ध भेटतात. गोविंद त्यांचा भिक्षू होतो. सिद्धार्थ नमस्कार करून त्यांनाच सांगतो की तुमच्या शिकवणीत खोट नाही, पण ज्या घटकेला तुम्हाला बोध झाला त्या घटकेत काय घडलं ते शिकवणीत नाही, कारण ते शब्दांत येत नाही. बुद्ध रागावत नाहीत. फार शहाणपणापासून जप, एवढंच म्हणतात. पुढे शहर, कमला नावाची गणिका, कामस्वामी व्यापारी, पैसा, फासे, दारू, केस पिकणं, आणि एके दिवशी स्वतःचीच किळस येऊन नदीकाठी जीव द्यायला जाणं. तिथून तो वासुदेव नावाच्या नावाड्यापाशी राहतो आणि नदी ऐकायला शिकतो.

आपल्याला हे पुस्तक वाचताना मध्येमध्ये ठेच लागते. व्यापाऱ्याचं नाव कामस्वामी? नदीकाठी जीव द्यायला निघालेला सिद्धार्थ ज्या झाडाला टेकतो ते झाड नारळाचं. श्रावस्तीच्या मुलखात नारळ! पूर्वी मी याला हसले होते. आता वाटतं, तो नारळ आईकडून आला असावा. हेसेची आई मारी हिचा जन्म केरळातल्या तलश्शेरीचा, १८४२चा. तिचे वडील हर्मन गुंडर्ट बासल मिशनचे मिशनरी. मल्याळमचा व्याकरणग्रंथ आणि १८७२चा मल्याळम-इंग्रजी कोश त्यांचाच. हेसेचे वडीलही काही वर्षं मंगळूरला होते. म्हणजे जर्मनीतल्या काल्व नावाच्या लहानशा गावात १८७७ साली जन्मलेल्या या मुलाच्या घरात भारत होता, पण तो दुसऱ्यांच्या आठवणींतला. १९११ साली तो स्वतः पूर्वेकडे निघाला. सिलोन, सिंगापूर, सुमात्रा एवढं फिरला, उकाड्यानं आणि पोटानं बेजार झाला, आणि भारताच्या भूमीवर पाऊल न ठेवताच घरी परतला. अशा माणसानं लिहिलेल्या भारतात एक नारळ चुकीच्या जागी उगवला, तर उगवू दे.

त्याच्या चरित्रातलं दुसरं एक मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हेसे स्वतः पळून गेलेला मुलगा होता. चौदाव्या वर्षी, १८९२च्या मार्चमध्ये, माउलब्रॉनच्या धर्मशिक्षणाच्या निवासी शाळेतून तो पळाला आणि कडाक्याच्या थंडीत एक रात्र उघड्यावर काढली. पुढे त्याच वर्षी आईवडिलांनी त्याला मनोरुग्णांच्या संस्थेत ठेवलं. तिथून त्यानं वडिलांना पत्र लिहिलं, ज्याचा मायना होता 'सन्माननीय महोदय', आणि खाली सही 'स्टेटनच्या तुरुंगातला कैदी'. पंधरा वर्षांच्या पोरानं बापाला महोदय म्हणावं, ते वाचताना त्या बापाची काय गत झाली असेल! १९०२ मध्ये आई गेली, तिच्या अंत्यविधीला तो गेला नाही. १९१६ मध्ये वडील गेले आणि तो असा कोसळला की मानसोपचार घ्यावे लागले. १९१९ मध्ये घर मोडलं. बायको मनाच्या आजारानं रुग्णालयात, तीन लहान मुलगे इतरांच्या आधारानं वाढायला ठेवलेले, आणि हा आल्प्सच्या दक्षिणेला माँटान्योला नावाच्या खेड्यात भाड्याच्या खोल्यांत एकटा. तिथे बसून त्यानं 'सिद्धार्थ' लिहायला घेतलं.

पळून गेलेला मुलगा, आणि आता मुलांना सोडून आलेला बाप. एकाच खुर्चीत.

पहिला भाग झरझर झाला. दुसऱ्या भागात गाडी अडली ती वर्षाहून अधिक काळ. त्याचं स्वतःचं म्हणणं असं की भोगणारा, झगडणारा सिद्धार्थ लिहिता आला, कारण ते माहीत होतं. जिंकलेला सिद्धार्थ लिहायला बसलो आणि थांबलो. मधल्या काळात तो मनोविश्लेषक कार्ल युंगपुढे जाऊन बसला. मग १९२२च्या वसंतात उरलेलं लिहून झालं. माझ्या रेघा जिथे विरळ होतात ती जागा आणि त्याची लेखणी अडली ती जागा फार लांब नाहीत. योगायोग असेल. पण बाविशीत मला जे दिसलं नाही ते त्यालाही चाळिशी उलटल्यावर, फार कष्टानं दिसलं, या विचारानं मला थोडा दिलासा मिळाला हे कबूल करते.

त्या कोऱ्या पानांत काय आहे? मुलगा आहे.

मरणाला टेकलेल्या बुद्धांच्या दर्शनाला निघालेली कमला नदीकाठी सर्पदंशानं मरते आणि तिच्याबरोबरचा अकरा वर्षांचा मुलगा सिद्धार्थच्या झोपडीत येतो. त्याचाच मुलगा, नावही सिद्धार्थच. श्रीमंतीत वाढलेला, नोकरांवर ओरडायची सवय असलेला, आईविना पोरका झालेला. नदीनं शिकवलेलं सगळं ज्ञान घेऊन बाप त्याच्याशी गोड वागत राहतो, आणि त्या गोडपणानंच मुलगा जास्त पिसाळतो. म्हातारा वासुदेव सांगून पाहतो की त्याला शहरात त्याच्यासारख्यांत ठेव. बापाला सोडवत नाही. शेवटी पोर तोंडावर सांगतं की तुझ्यासारखं होण्यापेक्षा चोर-खुनी झालेलं परवडेल, आणि दुसऱ्या दिवशी पैशांची टोपली आणि होडी घेऊन पसार होतं. होडी पैलतीराला सापडते, वल्हं नाही. पोरानं ते मोडलं असेल नाहीतर फेकलं असेल, हे सिद्धार्थला कळतं. वासुदेव शब्दानं काही बोलत नाही, नुसता होडीच्या तळाकडे बोट दाखवून हसतो, जणू म्हणतो, तुला कळत नाही का, तो काय सांगतोय? माझ्या मागे येऊ नका. आणि मग तो म्हातारा कुऱ्हाड घेऊन नवं वल्हं करायला बसतो.

इथे मी पुस्तक मिटलं. लाकूड तासण्याचा आवाज माझ्या घरातही यायला लागला होता. मुलगा गॅलरीत बसून कुठल्या तरी जुन्या स्टुलाचा पाय नीट करत होता. मी काही बोलले नव्हते, त्यानंही विषय काढला नव्हता. नुसतं खर्र खर्र चालू होतं.

(या नावाड्याचं नाव वासुदेव का, कोण जाणे. पण आपल्याला वसुदेव म्हटल्यावर भरल्या यमुनेतून डोक्यावर पोर घेऊन निघालेला बापच आठवणार.)

त्या जखमेनं सिद्धार्थ बराच काळ हैराण राहतो. ज्या सामान्य माणसांना तो आधी लेकरासारखी अजाण समजायचा, बायकापोरांत गुंतलेली, त्यांचा आता त्याला हेवा वाटतो. एक दिवस पुन्हा मुलाला शोधायला म्हणून होडी हाकतो आणि वाकून पाण्यात बघतो, तर पाण्यातला चेहरा त्याच्या बापासारखा दिसतो. तेव्हा कुठे त्याला आठवतं. आपणही बापाला असंच भाग पाडलं होतं, निघालो आणि परत गेलो नाही. तोही असाच झुरला असेल. कदाचित एकटाच, मुलाचं तोंड न बघता मेला असेल. नदी हसते, असं हेसे लिहितो. मला त्या हसण्याचा राग आला. अजून थोडा आहे.

कारण आपल्याकडे ही गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनंही सांगितली गेली आहे आणि हेसेला भारतीय ग्रंथ बऱ्यापैकी माहीत होते. कठोपनिषदातला नचिकेत बघा. बापानं रागाच्या भरात 'तुला मृत्यूला दिला' म्हटलं आणि हा निघाला. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला. यमानं तीन वर देऊ केले. मरणानंतर काय उरतं, हा त्याचा मोठा प्रश्न तिसरा आहे. पहिला वर त्यानं मागितला तो असा की माझ्या वडिलांचं मन शांत होऊ दे, त्यांचा राग जाऊ दे, आणि मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून जवळ घेऊ दे. जगातलं सगळ्यात मोठं कोडं समोर उभं असताना पोरानं आधी घरी परतायची सोय करून घेतली! आणि खुद्द बुद्ध, ज्यांच्याशी वाद घालून हा कादंबरीतला सिद्धार्थ पुढे निघतो, ते कपिलवस्तूला परत गेले होते. तिथे आपल्या लहान मुलाला, राहुललाही त्यांनी संघात घेतलं, तेव्हा त्यांचा म्हातारा बाप शुद्धोदन त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथात, त्याचं बोलणं आहे. पुत्रप्रेम कातडी कापतं, मांस कापतं, स्नायू, हाड कापत थेट मज्जेपर्यंत जातं. म्हणून यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कोणाच्या मुलाला दीक्षा देऊ नका. आणि बुद्धांनी तसा नियम केला. एका बापाच्या कळवळ्यामुळे सबंध संघाचा नियम झाला.

हे सगळं वाचून मग जगण्याच्या अर्थाचं काय झालं, असं कोणी विचारील. शेवटच्या प्रकरणात म्हातारा गोविंद तेच विचारायला येतो. सिद्धार्थ त्याला सांगतो की तू फार शोधतोस, म्हणून तुला सापडत नाही. शोधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तीच एक वस्तू असते, समोरचं दिसत नाही. हे मी जर्मनमधून इंग्रजीत आलेलं वाचलं होतं, तेव्हा मोठं गूढ वाटलं. आपल्या भाषेत ते व्याकरणातच आहे. 'मी शोधते' म्हणता येतं, पण 'मी सापडते' म्हटलं की अर्थ उलटा होतो, मीच कोणाच्या तरी हाती लागते. सापडणं हे 'मला' होतं, भूक लागावी, आठवण यावी, तसं. त्यात आपल्या हातात फारसं काही नसतं. या एका बाबतीत मराठी माणसाला हेसे वाचायची तशी गरज नव्हती.

पण एक खटकलं ते खटकलंच. या पुस्तकात दोन बाप आहेत, दोघांची रात्र आहे, दोघांचं दुःख पानभर आहे. सिद्धार्थच्या आईला काय आहे? पहिल्या पानांवर मुलाची चाल बघून तिचा ऊर भरून येतो, आणि त्या रात्रीनंतर एक वाक्य, 'आईचा निरोप घे'. तो निरोप लिहिलेलाही नाही. नवरा रात्रभर आत-बाहेर करत होता तेव्हा ती कुठे होती? त्याच्या शेजारी होती की नाही? तिला जाग आली नसेल? कमलाचंही तेच. ती आपली बाग भिक्षूंना देऊन टाकते, ऐश्वर्य सोडते, मुलाचा हात धरून बुद्धांकडे पायी निघते. वैशालीच्या आम्रपालीनं आमराई दिली, त्याच जातीचं हे धाडस. म्हणजे कमलाचाही शोध होताच की! पण तो अर्ध्या परिच्छेदात उरकलाय, कारण तिला मुलगा नदीपर्यंत पोचवून मरायचं आहे. बाविशीत यातलं काही माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. तेव्हा मी सिद्धार्थ होते ना.

हे डोक्यात घोळत असतानाच रविवारी आईला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकायला जरा कमी येतं, म्हणून मी ओरडूनच विचारलं, "आई, मी शिकायला जायचं म्हटलं होतं ना, ते चार दिवस बाबांना अजिबात झोप नसेल ना गं?"

"कोणाला?"

"बाबांना!"

"त्यांना?" आई हसली. "घोरत होते अगं ते. तुला ऐकू नाही आलं? तुझ्या खोलीचा दिवा काही विझेना, आणि यांचं घोरणं काही थांबेना. मी आपली आत-बाहेर."

मला काय बोलावं सुचेना. म्हटलं, "पण सूटकेस? ती कुलपं?"

"मग करायचं काय रात्रभर बसून? काढली माळ्यावरून. मशीनचं तेल होतं ते, शिवणाचं. ती बाटली कुठे ठेवलेली असते हे तुझ्या बाबांना माहीत होतं का कधी?"

जरा वेळ ती गप्प होती. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "त्याची बॅग कसली आहे गं? चेनची असेल, तर मेण फिरव चेनवर. तेल नको घालूस, कपड्यांना डाग पडतात."